तुम्ही विचारलंत म्हणून: फायबरवाल्याला किती मिळतं?

मी पुण्यात घरोघरी इंटरनेटची फायबर लाईन जोडतो, आणि महिन्यातून आठ-दहा वेळा तरी हा प्रश्न ऐकतो. कोथरूडच्या काकू चहाचा कप पुढे करता करता विचारतात, "काय रे, बरं देते का कंपनी?" आयटीवाला पोरगा मी डक्टमधून वायर ओढत असताना मागे उभा राहतो आणि जरा आडून विचारतो, "दादा, दिवसाला किती कनेक्शन होतात?" म्हणजे मनातल्या मनात गुणाकार चालू. आणि आता गेल्या आठवड्यात बार्शीहून भाच्याचा फोन, मामा बारावी झाली, तुमच्या लाईनला येऊ का, पगार किती ते आधी सांगा. काकूंना मी "भागतं काकू" म्हणून कप रिकामा करतो. भाच्याला तसं सांगता येईना. त्याला लिहून पाठवायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं तुम्ही पण विचारताच, तर तुम्ही पण वाचा.

आधी हे डोक्यात घ्या की शर्टावर नाव कंपनीचं असतं, पैसे कंपनी देत नाही. कंपनी काम देते मोठ्या व्हेंडरला, तो एरियाप्रमाणे लहान ठेकेदाराला, आणि ठेकेदार आम्हाला. एका कनेक्शनमागे वरून किती निघतात हे मला 14 वर्षांत कुणी दाखवलं नाही, मी पण आता विचारायचं सोडलं. वाघोलीत एकदा एकाच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर मी आणि अकराव्यावर दुसरा एक जण, तेच काम, तोच ओएनटी म्हणजे घरात बसवायचा फायबरचा डबा, तीच ड्रॉप वायर, शर्ट पण सेम. खाली टपरीवर बोलता बोलता कळलं की त्याला कनेक्शनमागे माझ्यापेक्षा 120 रुपये जास्त, कारण तो थेट व्हेंडरकडे आणि मी तिसऱ्या हातावर. त्या दिवशी चहा त्यानेच पाजला.

आता आकडे. हे माझे आणि माझ्या ओळखीतल्या पोरांचे आहेत, सगळ्या पुण्याचे नाहीत. मी 2011 ला धनकवडीत एका केबलवाल्याकडे हेल्पर लागलो तेव्हा 4,500 आणि दुपारचं जेवण. तेव्हा गच्चीवरून गच्चीवर काळी कोॲक्सिअल टाकायची एवढंच काम. मग सेट टॉप बॉक्सचं आलं, पुण्यात ते घरोघरी बसवायला 31 मार्च 2013 ची मुदत होती, त्या दोन महिन्यांत घरी झोपायलाच जात होतो फक्त, पण पैसा दिसला. आज नवीन पोरगा हेल्पर म्हणून आला तर 13-14 हजार. दोन वर्षांनी एकट्याने कनेक्शन करायला लागला की 16 ते 20. आणि जॉइंट मारता येत असतील, म्हणजे स्प्लायसिंग, तुटलेली फायबर मशीनने जोडणं, तर 25 च्या पुढं गोष्ट सुरू होते, त्यावर येतो.

फिक्स पगार नको असेल तर पर कनेक्शन. ऐकायला हे भारी वाटतं. समजा 350 चा रेट आहे आणि महिना चांगला गेला, 70 कनेक्शन झाली. 24,500 झाले. त्यातून पेट्रोल 4,500, कारण पुण्यात पेट्रोल शंभरच्या वर आहे आणि धायरीहून खराडीला गाडी हवेवर जात नाही. राहिले 20 हजार. मग रिपीट. म्हणजे तुम्ही लावलेल्या कनेक्शनची ठरलेल्या दिवसांच्या आत परत कंप्लेंट आली की आमचे 200 कट, मग वायर उंदराने खाल्लेली असो की बाळाने राऊटरचा प्लग काढलेला असो. पाच रिपीट धरा, हजार गेले. हातात 19. आणि 70 कनेक्शन म्हणजे 26 दिवसांत रोजची पावणेतीन, ती होतीलच असं नाही, कारण ॲपवर चार टिकिटं पडली तरी चारही घरं उघडी मिळत नाहीत.

ह्या लाईनमध्ये खरा पैसा कुठं जातो तर वाट बघण्यात. सोसायटीच्या गेटवर आधी ॲपवरून परवानगी, मग वॉचमनचं रजिस्टर, मग शाफ्टची किल्ली चेअरमनकडं आणि चेअरमन ऑफिसला. काही सोसायट्यांत कामाची वेळच 10 ते 1 आणि 4 ते 6. पेठेत तर दुपारी बेल वाजवायची माझी अजून हिंमत होत नाही, तुम्ही हसाल पण त्या तीन तासांत हिंजवडीला जाऊन यायलाही जमत नाही, म्हणून मी तपकीर गल्लीत कनेक्टर-बिनेक्टर बघत फिरतो आणि असलेले पैसे पण घालवतो. कस्टमर म्हणतो साहेब मीटिंगमध्ये आहे, अर्ध्या तासाने या. त्या अर्ध्या तासाचे पैसे ना तो देतो ना ठेकेदार. म्हणून मी नवीन पोरांना सांगतो की रेट विचारू नका, आधी एरिया विचारा. वाघोली, मांजरी, हिंजवडी ह्या नवीन टॉवरच्या एरियात डक्ट तयार असतो, प्रत्येक मजल्यावर पेटी असते, पाऊण तासात कनेक्शन मोकळं. सदाशिव पेठेत वाड्याच्या मागच्या बोळातून, तीन घरांची परवानगी काढत, जुन्या कौलांवरून वायर न्यायची, रेट तोच 350, आणि वर मालक म्हणणार भिंतीला भोक नको.

सीझन पण असतो. जून-जुलै आमची सुगी, कॉलेजची पोरं येतात, कर्वेनगर-कोथरूडकडं एकेका फ्लॅटमध्ये चार-चार जण, त्यात 11 महिन्यांचे करार संपून भाडेकरू इकडून तिकडं होतात, शिफ्टिंगची कामं निघतात. पण तेव्हाच पाऊस. फांदी पडली की वायर तुटली, शिडी भिंतीला टेकत नाही, आणि ओल्या हाताने फायबर सोलणं म्हणजे काय ते करून बघा. गणपतीत दहा दिवस मध्यवस्तीत गाडी शिरत नाही, नवीन कनेक्शन जवळपास शून्य, उलट मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या वायरी वर उचलून बांधायचं फुकटचं काम. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मात्र सगळं उलटं झालं. सगळं शहर घरात आणि आम्ही रस्त्यावर पास घेऊन, लोक कनेक्शनसाठी अक्षरशः हात जोडायचे, एका आजोबांनी तर सॅनिटायझर मारून मग 500 ची नोट दिली होती, नातीची शाळा चालू झाली म्हणून.

आता जॉइंटचं. घरातल्या कनेक्शनला फास्ट कनेक्टर लावून भागतं, ते कुणीही आठवड्यात शिकतं. पण रस्त्यावर जेसीबीने 24 कोरची, म्हणजे आत 24 काचेच्या तारा असलेली केबल तोडली की तिथं मशीन लागतं. काच किती बारीक, तर 125 मायक्रॉन, केसाच्या आसपास. वरचं रंगीत कोटिंग सोलायचं, स्पिरिटच्या कापसाने पुसायची, पुसताना बारीक कुई असा आवाज आला की समजायचं स्वच्छ झाली. मग कटरमध्ये एकदम सरळ कट. तो जरा तिरका आला की मशीन घेतच नाही. दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली की स्क्रीनवर दिसतात, एकमेकांसमोर येतात, ठिणगी पडते आणि एक होतात. लॉस, म्हणजे जॉइंटमध्ये वाया जाणारा उजेड, 0.02 दाखवला की बरं वाटतं, अजूनही वाटतं. वर स्लीव्ह सरकवून तापवायची, ट्रेमध्ये वळण न मोडता बसवायची, आणि पुढची. निळी, केशरी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पांढरी, हा क्रम मला पोराच्या शाळेच्या पाढ्यांसारखा पाठ आहे. केबल ओढली गेली असेल आणि स्लॅक, म्हणजे जादा सोडलेली केबल, शिल्लक नसेल तर मधे तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन ठिकाणी जॉइंट, 24 चे 48. रात्री दोन वाजता, कात्रजच्या खड्ड्यात, मोबाईलच्या टॉर्चवर.

पण पैसा तिथं आहे. 2019 ला बायकोची भिशी आणि थोडं सोनं मोडून जुनं मशीन घेतलं, 85 हजारांना. सासरे चार महिने बोलत नव्हते. आता रात्रीच्या एका कटचे, म्हणजे एक तुटलेली केबल जोडायचे, मला तीन ते पाच हजार मिळतात, कोर किती आणि जागा कुठली त्यावर. महिन्याला असे सात-आठ कट लागले तर पगारापेक्षा जास्त. त्यात ठेकेदाराचं मशीन असतं तर ह्यातले निम्मे पण आले नसते, म्हणजे हात तेच, पण मशीन कुणाचं त्यावर रेट. खर्चही आहे, इलेक्ट्रोड झिजतात, कटरचं ब्लेड जातं, बॅटरी बसते. आणि बिल दीड-दोन महिन्यांनी निघतं. एका ठेकेदाराने माझे 38 हजार असेच बुडवले, फोन लावला की म्हणायचा वरून आले नाहीत, नंतर नंबरच बदलला. त्यानंतर मी नवीन माणसाकडं पहिल्या तीन कटचे पैसे जागेवर घेतो, नाहीतर मशीनची पेटी उघडत नाही.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, बीएसएनएलमधून लाईनमन म्हणून बाहेर पडले. ते लागले तेव्हा ते दूरसंचार खातं होतं, 2000 च्या ऑक्टोबरात त्याची बीएसएनएल झाली, आणि 31 जानेवारी 2020 ला देशभरातले 78 हजारांवर लोक एकदम व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले त्यात काका पण. ते सांगतात, तांब्याच्या केबलला आत कागद गुंडाळलेला असायचा, पावसात पाणी शिरलं की अख्खा पेठेचा भाग मुका, मग खड्ड्यात बसून एकेक जोडी वाळवायची. कष्ट तेवढेच होते हो, काका काही ऑफिसात बसले नव्हते. पण खांबावर चढलेला माणूस खात्याचा होता, पडला तर खातं बघायचं, आणि आज पेन्शन दर महिन्याला जमा. काका माझ्या मशीनकडं बघून म्हणतात, आमच्या वेळी हे असतं तर. मी त्यांच्या पासबुकाकडं बघून तेच म्हणतो.

पडण्यावरून आठवलं. 2017 ला नऱ्ह्यात ओल्या शहाबादी फरशीवर शिडी सरकली आणि मनगट मोडलं. दीड महिना घरी. ठेकेदाराने कागदावर माणसं कमी दाखवलेली, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, नाही, पहिल्या दिवशी दोन हजार हातात ठेवले आणि विषय संपला. तेव्हा मला हे काहीच माहिती नव्हतं. 21 हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागतो, आपल्या पगारातून पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. म्हणजे 16 हजारांवर आपले 120 रुपये. तेवढ्यात कामावर पडलात तर दवाखाना आणि घरी बसलेल्या दिवसांचा 90 टक्के पगार. माझे त्या दीड महिन्यात गेलेले पैसे मी मोजले होते, सांगत नाही. पीएफचं पण तसंच, आपला 12 टक्के आणि मालकाचा 12, पण पगार सांगताना ठेकेदार दोन्ही बाजूचा त्यातच धरून सांगतो, आणि पोरं 16 समजून येतात आणि खात्यात 13 च्या आत काहीतरी पडतं. भाच्याला म्हटलंय, आधी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर माग, दर महिन्याला मोबाईलवर पासबुक उघडून बघ, आणि ठेकेदार "कशाला लागतंय ते" म्हणाला तर तिथून उठ.

सर्टिफिकेटचं विचारतात. टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलचा स्प्लायसरचा कोर्स आहे, आयटीआय असेल तर व्हेंडरकडं थेट लागायला उपयोग होतो, तिसऱ्या हातावरून दुसऱ्या हातावर याल. रेट मात्र त्याने वाढलेला मी पाहिला नाही, रेट वाढतो तो तुमचा जॉइंट परत उघडावा लागत नाही हे चार सुपरवायझरना माहिती झाल्यावर. माझा नंबर आता असाच फिरतो. पॉवर मीटरवर, म्हणजे वायरीतून उजेड किती येतो ते मोजायच्या यंत्रावर, मायनस 27, म्हणजे अगदी कमी दिसत असताना "चालतंय की नेट" म्हणून निघून जाणारी पोरं आहेत, दिवसाला पाच कनेक्शन मारतात, आणि पहिल्या पावसात लाल दिवा लागला की त्यांचे रिपीट मोजायला बोटं पुरत नाहीत. मी मायनस 20 च्या आत आणल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे माझी कनेक्शन कमी होतात हे पण खरं आहे, बायको म्हणते तेवढं तुझं खानदानी दुखणं.

हे सगळं भाच्याला पाठवलं, दोन निळ्या टिका आल्या, मग त्याचा फोन. म्हणाला, मामा ते मशीनचं वगैरे कळलं, पण पहिल्या महिन्यात हातात किती? म्हटलं 13 धर. खोलीभाडं? आंबेगावात तिघांत राहिलास तर अडीच हजार पडेल, डबा वेगळा. गाडी लागेल का? लागेल, आणि बूट पण, शिडीवर चप्पल चालत नाही. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ठेवतो मामा, आई बोलावतीय.