तुम्ही विचारलंत म्हणून: लायब्ररीचा सोर्स कशाला वाचायचा?

"ताई, आता एआय सगळं लिहून देतं. मग एवढाल्या लायब्ऱ्यांचा सोर्स उघडून वाचत कशाला बसता?" हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये नवीन आलेली मुलं विचारतात, कोथरूडला शेजारच्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा विचारतो, दिवाळीला भाचा विचारतो. लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये आयता वापरायचा कोड, आणि सोर्स म्हणजे त्या कोडच्या मूळ ओळी. एआय यायच्या आधी हाच प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोच्या, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या, नावानं यायचा. 'आवड आहे' म्हणून मी विषय संपवत आले. त्यानं कुणाचं समाधान होत नाही, पुढच्या भेटीत प्रश्न पुन्हा येतोच. तेव्हा एकदा सविस्तर सांगते.

अख्खी लायब्ररी मी वाचत नाही. कुणीच वाचत नाही. नुसती जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची स्टँडर्ड लायब्ररी पुरी करायची म्हटली तरी नोकरी सोडावी लागेल. मी रोजच्या वापरातलं एखादं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोड, धरते आणि त्याच्या तळापर्यंत जाते. आधी टेस्ट, म्हणजे तो कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड, वाचते, कारण लिहिणाऱ्याला कशाची भीती होती ते तिथे कळतं. मग कोड, मग त्या फाइलचा गिटमधला, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनातला, इतिहास. असे थोडे कोपरे पक्के झाले की बाकीची लायब्ररी ओळखीची वाटायला लागते. पायथन भाषेतल्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीमध्ये मोठा तक्ता आडव्याचा उभा केला तर त्यातली एकही संख्या मेमरीत जागची हलत नाही; पुढच्या ओळीला आणि पुढच्या स्तंभाला जायला किती बाइट पुढे सरकायचं, तेवढे दोन आकडे अदलाबदल होतात. हे सोर्समध्ये पाहिल्यावर नमपायच्या कितीतरी गोष्टी मला न शिकवता समजल्या.

पण विचारणाऱ्यांना 'कसं' नको असतं, 'कशाला' हवं असतं. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आजवर ती फक्त घरी सांगितली आहे.

कंपनीचं नाव घेत नाही. काम विमा दाव्यांचं होतं. रोज पहाटे एक जॉब, म्हणजे आपोआप सुरू होणारा प्रोग्रॅम, चालायचा आणि प्रलंबित दाव्यांची तारखेप्रमाणे यादी लावायचा. ज्याचा अर्ज आधी, त्याची फाइल आधी टेबलावर. आम्ही जावा 6 वरून 7 वर गेलो आणि एका पहाटे जॉब मध्येच बंद पडला. लॉगमध्ये ओळ होती, 'कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे दोन नोंदींची तुलना करणारा कोड ठरलेले नियम मोडतोय. दुसऱ्या दिवशी नीट चालला, मग पुन्हा पडला. टेस्टिंगमध्ये मात्र काही केल्या पडेना. सगळ्यांचं मत झालं की जावा 7 मध्येच बग आहे. नेटवर तोडगाही तयार होता: एक फ्लॅग, म्हणजे जावा चालवतानाची एक सेटिंग, लावला की जावा मर्ज सॉर्ट या क्रम लावायच्या जुन्याच पद्धतीनं यादी लावतं आणि एरर जाते. मॅनेजर म्हणाले, लावा आणि तिकीट बंद करा.

मला ते पटेना. जावा 7 ज्या नव्या पद्धतीनं यादी लावतं तिचं नाव टिमसॉर्ट; मी जावातली तिची फाइल उघडली. माथ्यावर लांबलचक टिप्पणी, लेखक जोशुआ ब्लॉक. त्यात लिहिलंय की ही पद्धत टिम पीटर्स यांनी पायथनसाठी लिहिलेल्या सॉर्टवरून घेतली आहे, आणि त्यामागचं तंत्र पीटर मॅकिलरॉय यांच्या 1993 च्या निबंधात आहे, कदाचित त्याहूनही जुनं असेल. कोडमध्ये असं ऋण मानलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. तिथून पीटर्स यांच्या 2002 सालच्या मूळ टिपणावर गेले. पायथनच्या सोर्समध्ये कोडशेजारीच ठेवलेली ती साधी टेक्स्ट फाइल आहे. पद्धतीला स्वतःचंच नाव दिलंय आणि ते कमावलंय, असं ते त्यात सुरुवातीलाच लिहितात.

कमावलंच आहे. पुस्तकातलं सॉर्टिंग यादी पार विस्कटलेली आहे असं धरून चालतं. पीटर्स यांनी पाहिलं की माणसांच्या याद्या तशा नसतात, बऱ्याचशा आधीच लागलेल्या असतात. त्यांनी ज्या नमुन्यांवर पद्धत पारखली त्यांतला एक असा: लागलेली यादी, आणि शेवटी वाटेल तशा दहा नव्या नोंदी. ही तर आमची पहाटेची यादी! मला कधी न भेटलेल्या माणसानं, आमचं काम सुरू व्हायच्या कितीतरी आधी, तिचा विचार करून ठेवला होता.

त्यांचा कोड आधी यादीतले लागलेले तुकडे शोधतो. चढता तुकडा तसाच ठेवतो, उतरता सापडला तर उलटा करतो. पण उतरत्या तुकड्याची अट कडक आहे: प्रत्येक नोंद आधीच्यापेक्षा लहानच हवी, बरोबरीची चालत नाही. कारण बरोबरीच्या दोन नोंदी उलटवल्या तर त्यांची आपसातली जागा बदलेल आणि आधी आलेला मागे जाईल. एकाच तारखेचे दोन दावे असले तरी आधीचा आधीच राहावा, ही काळजी त्या एका 'पेक्षा लहान' चिन्हात आहे. त्या चिन्हापाशी मी बराच वेळ बसून होते.

आमचं दुखणं नंतर सापडलं. आमच्या कम्पॅरेटरमध्ये, म्हणजे दोन दाव्यांत आधी कोणता ते सांगणाऱ्या कोडमध्ये, ज्या दाव्याला तारीख नाही तो कुणाशीही 'समान' धरला होता. म्हणजे बिनतारखेचा दावा 3 मार्चच्या बरोबरीचा आणि 9 मार्चच्याही. पण 3 आणि 9 एकमेकांच्या बरोबरीचे नाहीत. अशा उत्तरांवर कुठलीच यादी नीट लागू शकत नाही. टिमसॉर्ट हे मुद्दाम तपासत नाही. दोन तुकडे जोडताना जो तुकडा त्या वेळी संपायलाच नको तो संपला, की त्याला कळतं आपल्याला विसंगत उत्तरं मिळाली आहेत, आणि तो थांबतो. 32 पेक्षा कमी नोंदी असतील तर जोडणी होतच नाही, म्हणून आमच्या छोट्या टेस्ट यादीवर एरर कधी आलीच नाही. आणि जुना मर्ज सॉर्ट? तो काही न बोलता चुकीच्या क्रमाची यादी देऊन मोकळा होत होता. फ्लॅग लावायचा म्हणजे चूक तशीच ठेवून तक्रार करणाऱ्याला गप्प करायचं.

मीटिंगमध्ये मी बोर्डावर तीन दावे लिहिले, दोन तारखांचे आणि एक बिनतारखेचा. समजावणं पुरं व्हायच्या आत मॅनेजरनी थांबवलं. "एवढे दिवस तू जावाचा कोड वाचत होतीस? क्लायंट त्याचे पैसे देतो का?" मी म्हटलं, सर, क्रम चुकतोय, कुणाचा तरी दावा मागे राहत असणार. ते म्हणाले, "क्लायंटची तक्रार आहे?" नव्हती. फ्लॅग लागला. माझी काही ओळींची दुरुस्ती 'पुढच्या रिलीजला बघू' मध्ये गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत तरी तिथून बाहेर आली नाही. अप्रेझलमध्ये लिहून आलं की मला प्राधान्यक्रम कळत नाही. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये वाकडच्या पुलापर्यंत मी रडत होते.

रेटिंगचं वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. त्याच वर्षी घराचा हप्ता सुरू झाला होता. पण जास्त लागलं ते वेगळंच. ती खोली इंजिनिअरांनी भरलेली होती आणि एकानंही म्हटलं नाही, दाखव बघू ती फाइल. एवढं सुंदर काही मी त्यांच्यासमोर घेऊन गेले होते आणि कुणाला ते बघायचंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं मी फार कडक बोलायचे. सोर्स न वाचणारा इंजिनिअरच नव्हे, असं मी भर पार्टीत सुनावलेलं आहे. आज तसं म्हणवत नाही. हिंजवडीहून रात्री नवाला घरी पोचून मुलाचा अभ्यास घेणाऱ्या मैत्रिणीला मी कुठल्या तोंडानं सांगू की आता बस आणि टिमसॉर्ट वाच? मॅनेजरांचा प्रश्नही अगदीच टाकाऊ नव्हता. क्लायंट त्याचे पैसे देत नाही, हे खरंच आहे. पण दाव्यांचा क्रम चुकत होता, हेही तितकंच खरं आहे. ही दोन खरी विधानं शेजारी ठेवली की मला अजूनही राग येतो.

आता एआय. ती एरर मी मुद्दाम देऊन पाहिली. कम्पॅरेटर तपासा, रिकाम्या तारखा बघा, असं त्यानं लगेच सांगितलं. बरोबर सांगितलं. त्या वेळी ते हाताशी असतं तर माझे दिवस वाचले असते, हे मान्य. पण त्याला मी एररबद्दल विचारलं आणि त्यानं एररबद्दल सांगितलं. उतरत्या तुकड्याच्या कडक अटीबद्दल ते बोललं नाही, कारण मी विचारलं नाही. विचारणार कशी? असं काही तिथे आहे हेच माहीत नसेल तर प्रश्न कुठून येणार?

लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. ते काम 1919 ला सुरू झालं आणि 1966 ला पुरं झालं. पानावर वर संहिता आणि खाली पाठभेद, म्हणजे संपादकांनी जे स्वीकारलं नाही तेही वाचकासाठी राखून ठेवलेलं. गिटचा इतिहास मी तसा वाचते. 2015 मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी टिमसॉर्ट बरोबर आहे हे गणितानं सिद्ध करायला घेतलं, आणि त्यातच चूक सापडली: तुकड्यांच्या लांबीविषयीचा एक नियम क्वचित प्रसंगी मोडत होता. तेरा वर्षं जगभर चाललेला कोड होता तो. पुढे 2022 च्या पायथन 3.11 मध्ये तुकडे कोणत्या क्रमानं जोडायचे ही युक्तीच बदलली. इयन मन्रो आणि सेबास्टियन विल्ड यांच्या पॉवरसॉर्ट या पद्धतीवरून ती घेतली, आणि टिपणातही तशी नोंद झाली. लायब्ररी म्हणजे नुसती फंक्शनांची यादी, असं कुणी म्हटलं की मला या सगळ्या माणसांची नावं घेऊन भांडावंसं वाटतं.

आता माझ्या हाताखाली टीम आहे. मागच्या महिन्यात एका मुलानं येऊन विचारलं, "मॅडम, ही क्वेरी चालते, पण का चालते ते कळत नाहीये. लायब्ररी उघडून बघू का?" डिलिव्हरी तोंडावर होती. मी त्याला शुक्रवार देऊन टाकला. सोमवारी टाइमशीटवर तो दिवस कशाखाली टाकायचा, असं त्यानं विचारलं. त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही, टाइमशीट माझ्याकडेच पडून आहे.