जाहिराती वाचता वाचता लिहायला शिकतेय

जाहिरात वाचायला म्हणून कोणीच बसलेलं नसतं. मासकॉमला, म्हणजे पत्रकारिता आणि जाहिरात शिकायला आल्यापासून ही एक गोष्ट डोक्यात इतकी पक्की बसलीये की आता काहीही लिहायला घेतलं, असाइनमेंट असो, ब्लॉग असो, अगदी सरांना करायचा मेल असो, पहिला प्रश्न हाच पडतो की समोरच्याने हे का वाचावं? माणूस पेपर घेतो बातम्यांसाठी, टीव्ही लावतो मॅचसाठी, आणि जाहिरात मध्येच येते, तिला कोणी बोलावलेलं नसतं, तरी पंधरा-वीस सेकंदात तिला आपलं म्हणणं सांगून मोकळं व्हायचं असतं.

शाळेत बरोबर उलटं असतं. निबंध तपासणाऱ्या बाईंना तो वाचावाच लागतो. त्यामुळे 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' असं सुरू करून 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही' पर्यंत पोचलं की मार्क मिळतात, आणि मग तीच सवय ग्रॅज्युएशनपर्यंत सोबत येते. मला वाटतं आपल्याकडे मुलांना लिहिता येत नाही असं जे म्हणतात त्यातलं अर्धं कारण हेच आहे, मुलांना भाषा येत नाही असं नाही, त्यांना कधी असा वाचकच मिळालेला नसतो जो कंटाळा आला तर कागद बाजूला ठेवून उठून जाईल.

कॉपीरायटिंगच्या, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिण्याच्या लेक्चरला प्रसिद्ध जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वीची रोल्स-रॉईसची 1958 सालची जाहिरात दाखवतात, बहुतेक सगळ्याच कॉलेजात दाखवत असतील. हेडलाइनचा अर्थ साधारण असा, की ताशी 60 मैलांच्या वेगात या नव्या रोल्स-रॉईसमध्ये सगळ्यात मोठा आवाज येतो तो तिच्या इलेक्ट्रिक घड्याळाचा. बस. शाही नाही, आलिशान नाही, अप्रतिम नाही. एक घड्याळ, एक वेग आणि एक आवाज, आणि वाचणाऱ्याला आपोआप कळतं की गाडी आतून किती शांत असेल. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही ओळ ओगिल्वीला काही अशीच सुचलेली नव्हती, गाडीबद्दल मोटार मासिकात आलेल्या एका रिपोर्टमधून त्याने ती उचलली होती. म्हणजे तो आधी गाडीबद्दल मिळेल ते वाचत बसला होता, आणि खाली जो लांबलचक मजकूर आहे, त्यातही एकामागून एक गाडीची माहितीच आहे. प्रतिभा वगैरे असेलच, पण त्याच्या आधी अभ्यास आहे, आणि अभ्यास तर आपल्याला कोणालाही करता येतो, हे मला फार दिलासा देणारं वाटलं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सर्फच्या टीव्हीवरच्या जाहिरातीतली ललिताजी. आईच्या पिढीला ती अजून तोंडपाठ आहे. निरमा इतका स्वस्त मिळायला लागला की सर्फला किंमतीत त्याच्याशी लढणं शक्यच नव्हतं, मग लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलिक पदमसींनी 80 च्या दशकात ही हिशोबी गृहिणी उभी केली, कविता चौधरींनी ती केली होती. नीट बघितलं तर त्या जाहिरातीत साबणापेक्षा बाई जास्त लक्षात राहते. पैसे मोजून घेणारी, कोणाच्या बोलण्याला न भुलणारी, आणि ती म्हणते की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो. बघणारी बाई मूर्ख आहे असं गृहीत न धरता लिहिलेली जाहिरात आहे ती, आणि म्हणून मला ती आजही आवडते. आपण लिहिताना वाचकाला किती अक्कल आहे असं धरून चालतो, ते आपल्या प्रत्येक वाक्यात दिसतं.

हे सगळं वर्गात ऐकायला छान वाटतं पण खरं कळलं ते मौशीच्या पॅम्फ्लेटमुळे.

माझी मौशी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, बिल्डिंगमधल्या आणि ओळखीतल्या चार बायका मदतीला असतात. यावेळी ती म्हणाली पेपरात टाकायला पॅम्फ्लेट कर, तू शिकतेयस ना ते. मी घरात पडलेली सगळी जुनी पॅम्फ्लेटं काढून बघितली तर प्रत्येकावर तेच, शुद्ध, सात्त्विक, घरगुती चवीचा, एकदा खाल तर खातच राहाल. यातलं खोटं काही नसेलही, पण सगळ्यांवर तेच छापलेलं असेल तर कोणाचं काय वेगळं आहे ते कळणार कसं. म्हणून मी वही घेऊन तिच्या ओट्यापाशी जाऊन बसले आणि विचारत गेले. ती काम करता करता सांगत होती, की अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून फडक्यावर पसरायचे, पूर्ण वाळू द्यायचे नाहीत, किंचित ओलसर असतानाच दळायचे, मग गूळ घालून पीठ मळून काही दिवस मुरत ठेवायचं. आणि तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. हे सांगताना तिचा हात थांबलेला नव्हता, एकीकडे चकलीची भाजणी परतणं चालू होतं, आणि मध्येच ती वाक्य अर्धं सोडून वास घ्यायची आणि गॅस बारीक करायची, डाळ किती भाजली हे ती रंगावर नाही, वासावर ठरवते.

मग मी लिहिलं: 'अनारशाचे तांदूळ आम्ही तीन दिवस भिजवतो. रोज पाणी बदलतो. पीठ मुरायला वेळ देतो. म्हणून ऑर्डर दहा दिवस आधी लागते.'

मौशीने वाचलं आणि म्हणाली, "अगं, शुद्ध लिही की कुठेतरी, सगळे लिहितात." मी म्हटलं, "तीन दिवस रोज पाणी बदलतेस हे वाचल्यावर शुद्ध वेगळं कशाला सांगायला पाहिजे?" ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली बरं, पण फोन नंबर मोठा हवा आणि घरपोच हा शब्द वरच हवा. तिचं बरोबर होतं, डीटीपीवाल्यानेही तेच सांगितलं. आणि मी चकलीपुढे 'अजिबात तेलकट नाही' असं टाकलं होतं ते मात्र तिने लगेच काढायला लावलं, "चकली थोडं तेल पितेच, लोकांना काय खोटं सांगायचं?"

जाहिरात शिकवणाऱ्या कोणी इतक्या थोडक्यात हे सांगितलं नव्हतं. आपल्याकडे नियम आहेत, जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ॲस्की ही संस्था 1985 पासून आहे, आजार बरा करण्याच्या जादुई दाव्यांविरुद्धचा कायदा तर 1954 चा आहे, तरी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघा, डायबेटिस मुळापासून बरा करणाऱ्या भिंती दिसतातच. आणि सगळा त्रास काही खोट्या दाव्यांचाच असतो असंही नाही. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती वर्षानुवर्षं उत्तम बनवलेल्या होत्या, गोष्ट नीट, कास्टिंग नीट, आणि त्यांनी सावळ्या मुलींना काय सांगितलं ते सगळ्यांना माहितीये. फेअर अँड लव्हलीने 2020 मध्ये नावातून 'फेअर' काढलं, तोवर मुलींच्या किती पिढ्या ते बघत मोठ्या झाल्या. म्हणून चांगलं लिहिता येणं मला आता एवढंच पुरेसं वाटत नाही. दुसरीकडे 'दो बूंद जिंदगी की' ही पोलिओ डोसची जाहिरात आहे, त्याच कौशल्याने केलेली, चार शब्दात डोस किती आणि कशासाठी दोन्ही सांगणारी, आणि भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला त्यात घरोघर फिरलेल्या आशा-अंगणवाडीच्या बायकांचं काम सगळ्यात मोठं असलं तरी त्यांच्यासाठी दार उघडायला ती ओळ उपयोगी पडली असणार असं मला मनापासून वाटतं.

लिखाणात माझ्यापुरता फरक काय पडला सांगते. पेपरातल्या छोट्या जाहिरातींना शब्दांवर किंवा ओळींवर पैसे पडतात, तसे आपल्या लेखाला पडताहेत असं समजून मी आता कापायला बसते. सगळ्यात आधी 'अत्यंत' आणि 'खरोखरच' जातात, मग बऱ्याचदा पूर्ण पहिला पॅरा जातो कारण तो वाचकापेक्षा मलाच सुरुवात करायला लागलेला असतो. नावं, आकडे, क्रियापदं सहसा जात नाहीत. कापून झालं की मोठ्याने वाचते, रूममेट हेडफोन लावून बसते तेव्हा. कुठे श्वास अडकला की वाक्य तोडायचं, आणि कुठे कुठे लांब वाक्यच छान वाटतं, तिथे ते तसंच राहू द्यायचं, सगळं तोकडं केलं की लेख कोरडा होतो, हे कोणी तरी स्पष्ट सांगायला हवं कारण इंटरनेटवर सगळे फक्त 'शॉर्ट लिहा'च सांगत असतात.

पण पॅम्फ्लेटमध्ये न मावणारंही बरंच होतं. त्या चार बायका सकाळी अकरापासून तळणीसमोर उभ्या असतात, मजुरी किलोवर मिळते, एकीच्या मनगटावर तेल उडल्याचे जुने डाग आहेत, आणि दिवाळीच्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या घरी फराळ बहुतेक उरलेल्याचा असतो. हे जाहिरातीत येणार नाही, आणि यावं असं माझं म्हणणंही नाही, पण ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. आता फीचर रायटिंगच्या सबमिशनसाठी त्याचाच लेख करतेय. मौशीबद्दल चांगलं तर लिहायचंय पण किलोमागे मजुरी किती तो आकडाही घालायचाय, आणि तो आकडा वाचून मौशीला काय वाटेल हे मला अजून कळत नाहीये. रविवारी तिच्याकडे जाणार आहे, आधी त्या चौघींना वाचून दाखवेन, मग तिला.