तुम्ही विचारलंत म्हणून: त्या शपथपत्रावर सही का केली

"काकू, त्या बाईच्या कागदावर तुम्ही सही केलीत म्हणे? उद्या काही निघालं म्हणजे?" हा प्रश्न मला जिन्यात विचारला गेलाय, किराण्याच्या दुकानात विचारला गेलाय, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेताही विचारला गेलाय. ती बाई म्हणजे पाकिस्तानातून आलेली आमची शेजारीण, आणि तो कागद तिच्या भारतीय नागरिकत्वाच्या अर्जाला जोडायचा. विचारणारी सगळी आपलीच माणसं, काळजीपोटी विचारणारी. उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून काढते.

आम्ही इंदूरला पलसीकर कॉलनीत राहतो. फाळणीनंतर आलेले सिंधी या भागात कधीचेच रुळलेत. मागच्या गल्लीतलं हे कुटुंब मात्र २०१३ साली सिंधमधल्या घोटकीहून आलं. थार एक्सप्रेसने जोधपूर, तिथून इंदूर. सासू, थोरला मुलगा आणि त्याची बायको. धाकटा आणि त्याची बायको घर, दुकान मार्गी लावायला मागे राहिले, ते २०१६ मध्ये आले. मी सही केली ती थोरल्या सुनेच्या कागदावर. साड्यांना फॉल-पिको करून देते, तीच.

नागरिकत्वाचा अर्ज म्हटलं की आपल्याला वाटतं, रेशनकार्डासारखा घराचा मिळून एक असेल. तसं नाही. माणशी वेगळा अर्ज, आणि एकाच घरात प्रत्येकाला लागू होणारं कलमही वेगळं असू शकतं. हे मला त्यांच्या फाइली लावतानाच कळलं. मी आयुष्यभर शाळेत हिंदी आणि नागरिकशास्त्र शिकवलं, पण १९५५ चा नागरिकत्व कायदा कलमागणिक वाचायची वेळ निवृत्तीनंतर आली.

सासूबाईंचं शनाख्ती कार्ड, म्हणजे तिथलं ओळखपत्र, पाहिलं. जन्म १९४४. पासपोर्टवर जन्मठिकाण 'घोटकी, पाकिस्तान' असं छापलेलं. १९४४ साली पाकिस्तान नव्हतंच. त्या जन्मल्या अखंड हिंदुस्थानात, आणि कायद्यात नेमकी याच गोष्टीला किंमत आहे. स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जण अविभाजित भारतात जन्मलेला असेल, तर माणूस 'भारतीय मूळ' असलेला ठरतो, आणि सात वर्षं इथे राहिल्यावर त्याला नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. म्हणजे म्हाताऱ्या आईच्या त्या एका सालावर दोन्ही मुलं तरली. सुनांच्या माहेरी मात्र आई-वडील दोघंही फाळणीनंतर जन्मलेले. त्यांना ते दार बंद. नवरा आधी नागरिक झाला तर पत्नी म्हणून अर्ज करायचा, नाहीतर देशीयकरणाचा, म्हणजे इथल्या मुक्कामाच्या वर्षांवर नागरिकत्व मागण्याचा, लांबचा रस्ता धरायचा. तिथे सर्वसाधारण माणसाला बारा वर्षांचा मुक्काम दाखवावा लागतो.

त्यात २०१९ ची दुरुस्ती (सीएए) आली. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी देशीयकरणाची मुदत पाच वर्षांवर आणली. नियम यायला मार्च २०२४ उजाडलं. थोरला २०१३ चा, तो या दुरुस्तीत बसला. धाकटा २०१६ चा, तो बाहेर. एकाच आईचे दोन मुलगे, एकाच चुलीवर जेवणारे, आणि दोघांच्या फाइलींना दोन वेगळे कायदे. सप्टेंबर २०२५ पासून धाकट्याला लोक सांगतात, "अरे, तारीख वाढली, आता २०२४ झाली." २०२५ मध्ये सरकारने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या या समाजांच्या लोकांना कागदांअभावी होणाऱ्या शिक्षेतून सूट दिली, हे खरं. पण ती इथे राहण्यापुरती सूट आहे. नागरिकत्वाची तारीख होती तिथेच आहे. हा घोळ कुणाच्याही बोलण्यात आला, तर कृपा करून तिथल्या तिथे दुरुस्त करा. अशा समजुतीपायी माणसं चुकीचा फॉर्म भरून बसतात.

आता सहीचं. थोरल्या सुनेने दुरुस्तीखाली देशीयकरणाचा अर्ज केला. त्याला एका भारतीय नागरिकाचं शपथपत्र जोडावं लागतं, अर्जदाराच्या वर्तणुकीबद्दल. पुढे काय होईल याची हमी त्यात कुणी मागत नाही. या माणसाला तुम्ही ओळखता का आणि तुमच्या माहितीप्रमाणे त्याचं वागणं कसं आहे, एवढंच विचारलेलं असतं. खोटं शपथपत्र देणं गुन्हा आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच नोटरीकडचा छापील मजकूर मी घेतला नाही. त्यात 'बालपणापासून ओळखतो' असंही वाक्य होतं. मी ते काढायला लावलं आणि जेवढं पाहिलंय तेवढंच लिहून दिलं.

काय पाहिलंय? तिची एक वही आहे. कुणाची साडी कधी आली, फॉल कुठला, पैसे किती, सगळं ती सिंधीत लिहिते, उजवीकडून डावीकडे, आकडेही त्याच लिपीतले. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. पण माझ्या पुतणीच्या लग्नात घरभराच्या साड्या तिच्याकडे दिल्या होत्या. महिन्याने हिशेब करायला बसलो तेव्हा कुठली साडी कोणत्या वहिनीची आणि कुणी किती आगाऊ दिलेत, हे तिने बोट फिरवत धडाधड सांगितलं, आणि मी विसरलेले पन्नास रुपये माझ्याच हातावर परत ठेवले. २०२१ च्या कोरोनात आमच्या घरी दोघंही आजारी असताना दाराच्या कडीला डबा अडकवून, घंटी वाजवून ती निघून जायची. नात्यातलं कुणी तेव्हा जिना चढत नव्हतं. हे मी शपथेवर लिहायचं नाही, तर मग शपथेवर लिहायचं तरी काय?

तुमच्यापैकी काहींनी वेगळ्या बाजूने विचारलं: "मग तुम्हाला तो कायदा पटतो?" सहा धर्मांची यादी आणि त्यातून मुसलमान वगळलेले, हे मला पटत नाही. छळ झालेल्याला आसरा द्यायचा तर छळ पाहावा, धर्म पाहू नये, असं माझं मत आहे. त्या कायद्याविरुद्धच्या याचिका सुप्रीम कोर्टात आहेतच. पण यादी चुकीची वाटते म्हणून यादीतल्या बाईला 'तुला ओळखत नाही' म्हणणं मला जमलं नसतं.

आणि भीतीचं म्हणाल, तर भीती त्यांच्या घरात पाहिलीय. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. रात्री धाकटा दाराशी उभा. "काकी, हमें भी निकलना पड़ेगा?" त्यांच्याकडे दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले असे व्हिसा कायम राहतील, हे सरकारने लगेच स्पष्ट केलं होतं. मी त्याला ते मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तो घरी गेला. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या गल्लीत दुपारी शिलाई मशीनचा आवाज ऐकू आला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदार यादीची फेरतपासणी आली आणि जुन्या यादीत आपलं किंवा आई-वडिलांचं नाव शोधायची वेळ माझ्यावरही आली. माझं माहेर ग्वाल्हेरचं. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, माहेरचे कागद एका नावाचे आणि इथले दुसऱ्या. मी इथेच जन्मले, पिढ्यान्‌पिढ्या होळकर-शिंद्यांच्या मुलखात राहणाऱ्या घरातली, तरी बीएलओपुढे, म्हणजे मतदार यादी तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, बसून 'ही मीच' हे सांगताना माझा घसा कोरडा पडला. तेव्हा थोरली सून माझ्या शेजारी बसून सालावार कागद लावत होती. तिला सराव होता.

थोरल्याच्या घराचं काम झालं. दुरुस्तीखालच्या त्या प्रक्रियेत जिल्हा समितीचे प्रमुख पोस्टाचे अधीक्षक असतात, हे ऐकून आमच्याकडे बऱ्याच जणांना नवल वाटतं. मूळ कागद तिथे दाखवायचे, राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यायची. पेच आहे तो धाकट्याच्या घराचा. त्यांची मुलगी इंदूरमध्ये जन्मली, २०१८ साली. जन्मदाखला इंदूर नगर निगमचा, बोलते इंदुरी हिंदी, माझ्याकडे येऊन मराठी बालगीतं म्हणते. तरी ती जन्माने भारतीय नाही. ३ डिसेंबर २००४ पासून नुसतं इथे जन्मणं पुरत नाही. आई-बाप दोघं नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. तिचा अर्ज आई-बाप नागरिक झाल्यावरच करता येईल. शाळेच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना येतो तेव्हा तिची आई तो रिकामा ठेवून माझ्याकडे घेऊन येते, आणि आम्ही खरं ते लिहितो.

धाकट्याने सात वर्षं भरल्यावर नोंदणीचा अर्ज दिलाय. तो मंजूर झाला तर त्याची बायको पत्नी म्हणून अर्ज करू शकेल. नाही झाला, तर २०२८ मध्ये तिची बारा वर्षं भरतील आणि तिला साध्या देशीयकरणाने जावं लागेल. त्या अर्जाला दोन भारतीयांची शपथपत्रं लागतात. एक मी देणार आहे. दुसऱ्यासाठी तिला खरोखर ओळखणारं कुणीतरी हवं. तुमच्यापैकी ज्यांच्या साड्यांना तिने मोती लावून दिलेत, ज्यांच्या मुलींचे घागरे तिने रात्र जागून उसवून पुन्हा शिवलेत, त्यांनी विचार करून ठेवा. मजकूर मी लिहायला मदत करीन. न पाहिलेलं एकही वाक्य त्यात घालायला लावणार नाही.