तुम्ही विचारलंत म्हणून : आयर्लंडची चर्चेस रिकामी का झाली?

सुट्टीत वसईला आले की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कुणी ना कुणी गाठतंच. "आयर्लंड म्हणजे केवढा कॅथलिक देश! आपल्याकडे सिस्टर, ब्रदर तिथूनच यायचे. आता म्हणे तिथं मिस्सेला कुणी फिरकत नाही. असं कसं झालं गं?" विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं : पैसा आला, मुलं सायन्स शिकली, देव गेला. उभ्याउभ्या सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

मी डब्लिनजवळ वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे. तिथल्या एक आजी रोज रात्री जपमाळ म्हणतात. डोळे अधू झालेत, पण मणी चुकत नाही. फादर कम्युनियन (मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद) द्यायला येतात त्या दिवशी मात्र मला आधीच बजावतात, "माझं दार लावून घे." त्या काही सायन्स शिकलेल्या नाहीत, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. त्यांच्या थोरल्या बहिणीला लग्नाआधी दिवस गेले, तेव्हा घरच्यांनी फादरच्या सांगण्यावरून तिला नन्सच्या लाँड्रीत, म्हणजे अशा मुलींना कोंडून फुकट राबवून घेणाऱ्या धुलाईघरात पाठवलं. ती परत आली नाही. अशा लाँड्र्यांमधली शेवटची 1996 मध्ये बंद झाली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये दहांतले नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्सेला जात. 2022 च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारेच 69 टक्के उरले. 2016 मध्ये ते 78 टक्के होते. त्या 69 मधले कितीतरी जण चर्चची पायरी चढतात ती फक्त लग्नाला आणि मयताला.

माझ्या मते मूळ दुखणं सत्तेत आहे. 1937 च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' होतं. ते काढायला 1972 चं सार्वमत लागलं. शाळा चर्चच्या, दवाखाने चर्चचे, अनाथ मुलंही चर्चच्या ताब्यात. गर्भनिरोधकांची विक्री 1979 पर्यंत कायद्यानेच बंद. घटस्फोटाला लोकांनी 1995 मध्ये होकार दिला, तोही जेमतेम नऊ हजार मतांनी. पाळणा लांबला तर घरी येऊन कारण विचारणारे फादर तिथल्या म्हाताऱ्या बायकांना अजून आठवतात. एवढा अधिकार हातात असला की माणसं मिस्सेला येतात, पण त्यातली किती श्रद्धेनं येतात आणि किती शेजाऱ्यांच्या धाकानं, हे कळायला मार्ग नसतो. आपण मात्र सगळी गर्दी श्रद्धेच्या खात्यात जमा करून टाकतो.

मग झाकलेलं उघडं पडायला लागलं. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले, तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कात दहा लाखांवर माणूस लोटला होता. गॉलवेला तरुणांसाठी मिस्सा झाली. पोप येईपर्यंत तिथली गर्दी खुलवत होते बिशप एमन केसी आणि फादर मायकेल क्लिअरी. दोघेही तेव्हा गुपचूप बाप झालेले होते! केसींचं प्रकरण 1992 मध्ये फुटलं. खरं सांगायचं तर त्याचं मला फारसं काही वाटत नाही, माणूस आहे. चीड येते ती पुढच्या गोष्टींची. 2009 मधल्या सरकारी चौकशीच्या रायन अहवालात धर्मसंघांच्या संस्थांमध्ये मुलांना अनेक दशकं झालेली मारहाण आणि लैंगिक अत्याचार पानोपानी आहेत. त्याच वर्षीच्या मर्फी अहवालानं दाखवलं की डब्लिनच्या धर्मप्रांतात वरच्यांना सगळं ठाऊक होतं, पण मुलांपेक्षा संस्थेचं नाव जपलं गेलं. ट्युअम गावात लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींसाठी नन्सनी चालवलेल्या मातृगृहात दगावलेल्या 796 बाळांच्या नोंदी कॅथरीन कोरलेस या बाईंनी एकेक करून शोधल्या; पुरल्याची नोंद मात्र सापडेना.

आपल्या बाजूचं एक नावही यात आहे. बेळगावची सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर. 2012 मध्ये गॉलवेला तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं, तिनं गर्भपात मागितला, पण बाळाचे ठोके चालू होते म्हणून तो नाकारला गेला. 'हा कॅथलिक देश आहे' असं एका परिचारिकेनं तिला ऐकवलं. जंतुसंसर्गानं ती गेली, 31 वर्षांची. 2018 च्या सार्वमतात 66 टक्के लोकांनी गर्भपातबंदी उठवली, तेव्हा डब्लिनच्या भिंतीवर तिचं चित्र होतं आणि त्याभोवती चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस फिनिक्स पार्कात आले. 1979 च्या पाव गर्दीही जमली नाही.

पैसा, शिक्षण यांचा हात नाही असं नाही. 1967 पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं, 1973 मध्ये देश युरोपीय समुदायात गेला, लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायचा नियम त्याच वर्षी गेला. बायका स्वतः कमवायला लागल्या आणि फादरला विचारून जगायची गरज संपली. गळती घोटाळ्यांच्या आधीच लागली होती. घोटाळ्यांनी परत यायची वाट बंद केली. दार लावून जपमाळ म्हणणं आजींना जमलं. त्यांच्या नातवंडांनी फादर सोडले आणि देवही सोडला.

तरी शाळांपायी कागदावरचा धर्म टिकून आहे. दहांतल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा अजून चर्चच्या छत्राखाली आहेत, आणि 2018 पर्यंत जागा कमी पडल्या तर बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी घेता यायचं. ॲडमिशनसाठी आईबाप काय काय करतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पहिल्या कम्युनियनला चर्च खचाखच भरतं. पांढरे झगे, अंगणात फुगवलेला उड्यांचा किल्ला, पाकिटं. पुढच्या रविवारी पुन्हा आम्हीच : केरळच्या नर्सेस, फिलिपिनो, पोलिश, नायजेरियन आणि पुढच्या बाकावर चार पांढरी डोकी. फादरही भारतातलेच. वसईत हे सांगितलं की सगळे खूश होतात. मी होत नाही.

यानंतरचा प्रश्न ठरलेला : "मग तुझी मुलं जातात का?" मुलगी जाते, गायनवृंदात आहे म्हणून. मुलगा गेल्या वर्षापासून येत नाही आणि मी त्याला ओढून नेत नाही. आईला हे अजिबात पटलेलं नाही. दर फोनला पहिलं तेच विचारते.