रोजनिशी: आधी हिस्ट्री, मग रंगरंगोटी

ऐरोली, शनिवार

उबंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) नवा लॅपटॉप हातात पडला की आधी टर्मिनलमधला प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधी दिसणारा मजकूर, सजवायची हौस येते. त्यात दुपार जाते, काम मात्र तसूभरही पुढे सरकत नाही. खरा वेळ वाचतो तो हिस्ट्रीत, म्हणजे आधी चालवलेल्या कमांडच्या यादीत. लांबलचक डॉकर कमांड एकदा जमली की ती परत टाइप करायला लागू नये, एवढंच तर हवं असतं.

टर्मिनलमधल्या कमांड चालवतो तो शेल, उबंटूत तो बॅश. त्याच्या बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये हिस्टसाइझ 1000 आणि हिस्टफाइलसाइझ 2000 असतं. पहिला आकडा मेमरीतल्या ओळींचा, दुसरा हिस्ट्री साठवणाऱ्या फाइलमधल्या. दोन्ही सरळ 1,00,000 करावेत. फाइल फार तर काही एमबींची होते. पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही. बॅश ही फाइल लिहितो शेल बंद होताना. तोवर एका टॅबमधली कमांड दुसऱ्याला ठाऊक नसते, आणि बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला तर गेलीच. म्हणून प्रॉम्प्ट_कमांड या व्हेरिएबलमध्ये ‘हिस्ट्री -ए’ घालायचं. मग दरवेळी प्रॉम्प्ट येण्याआधी नवी ओळ फाइलला जोडली जाते आणि नव्या टॅबला ती मिळते. काही जण जोडीला ‘हिस्ट्री -एन’ही घालतात, म्हणजे उघडे टॅबही एकमेकांचं वाचत राहतात. मला ते पटत नाही. अप ॲरो दाबावा आणि शेजारच्या टॅबमधली फाइल पुसणारी ‘आरएम’ समोर यावी, हा ताप कशाला?

कमांडपुढे तारीख-वेळ दाखवणारं हिस्टटाइमफॉरमॅट लॅपटॉप आल्या दिवशीच लावावं. आधीच्या ओळींपाशी वेळेची नोंदच नसते, त्यामुळे नंतर लावलं तर त्यांच्यापुढे दिसणारी तारीख खोटी असते.

कंट्रोल-आरने मागे शोधता येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. शोधताना हवी ती कमांड ओलांडून गेलो तर परतायला कंट्रोल-एस आहे, पण ते दाबलं की टर्मिनल गोठतं. बिघाड नाही, टर्मिनलची जुनी फ्लो कंट्रोलची सोय आहे, कंट्रोल-क्यूने सुटतं. कायमचा उपाय बॅशआरसीत ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’. ही ओळ इंटरॅक्टिव्ह शेलच्या (ज्यात आपण स्वतः टाइप करतो त्या) तपासणीखालीच हवी. वर टाकली तर टर्मिनल नसलेल्या शेलमध्ये एरर येते. तिथे मजकूर छापणारं ‘एको’ टाकणं तर त्याहून वाईट, दुसऱ्या मशीनशी फाइल कॉपी करणारं एससीपी त्यानेच अडतं.

प्रॉम्प्ट रंगवायचाच असेल तर रंगाचा प्रत्येक कोड बॅकस्लॅश-चौकटी कंसाच्या जोडीत बसवावा. नाहीतर बॅश ती न दिसणारी अक्षरंही रुंदीत मोजतो, आणि लांब कमांड खालच्या ओळीवर न जाता स्वतःवरच चढते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधल्या चालू ब्रँचचं (कामाच्या शाखेचं) नाव दिसणं उपयोगी. फाइल बदलल्याची खूण मोठ्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) बंद ठेवावी, एंटरगणिक अडखळतं.

ठाणे-वाशी लोकलमध्ये हॉटस्पॉटवर सर्व्हरला जोडणाऱ्यांनी तिकडे टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्राम, चालू ठेवावं. नेट तुटलं तरी चालू बिल्ड मरत नाही. परत लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’.

आणि टॅब उघडायला वेळ लागायला लागला तर ‘टाइम बॅश -आय -सी एक्झिट’ चालवून बघावं. बऱ्याचदा एनव्हीएम, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘नोड’च्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, सापडतं. ते सुरुवातीलाच लोड न करता, ‘नोड’ पहिल्यांदा लागेल तेव्हा लोड करणारं चार ओळींचं फंक्शन लिहावं.