वेचणीचा हिशेब एफ-ड्रॉइडवर पोचवताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घाटंजी तालुक्यात कापसाची वेचणी लागली की रोज संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काटा लागतो. एकेका बाईचं गाठोडं अडकवायचं, आकडा वहीत चढवायचा आणि बाजाराच्या आदल्या दिवशी किलोमागच्या दराने चुकारा. दरही एकच नसतो. पहिल्या वेच्याला बोंडं भरलेली असतात, तेव्हा कमी. फरदडीला, म्हणजे हंगाम सरल्यावर राहिलेल्या कापसाला, दिवसभर हिंडूनही ओटी भरत नाही, तेव्हा जास्त. वही मालकाच्या घरी असते. वेचणारीजवळ फक्त तिची आठवण. माझी आई वेचणीला जाते. "माह्या नावावर किती झालं, ते मले माह्या फोनात दिसलं पाहिजे," हे मागणं तिचं, आणि मी ॲप लिहायला घेतलं ते त्यासाठीच. ते एफ-ड्रॉइडवर, म्हणजे उघड्या कोडच्या मुक्त ॲपच्या भांडारात, कसं पोचवलं ते सांगते.

ॲप लहान आहे. कोटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, नोंदी एसक्यूलाइट या फोनमधल्याच डेटाबेसमध्ये. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक. कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ सारखा साधा अपूर्णांकही नेमका बसत नाही, आणि मजुरीच्या हिशेबात तेवढासुद्धा फरक मला नको होता. काटा झाला की मालकाच्या फोनवर क्यूआर कोड येतो, बाई तो आपल्या फोनने टिपते आणि एकच नोंद दोघांकडे राहते. शेतात रेंज नसते, म्हणून इंटरनेटचा संबंधच ठेवला नाही.

माझ्याजवळ चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप बनवायचं गुगलचं मोठं सॉफ्टवेअर, उघडायचा विचारही करू नये. त्याला आठ जीबी तरी लागते. पण स्टुडिओशिवाय ॲप बनतं, हे गावाकडच्या मुलामुलींना कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं, अँड्रॉइडची फक्त कमांड लाइन साधनं (आज्ञा टाइप करून चालवायची) उतरवायची, कोड वीएसकोडियम या एडिटरमध्ये लिहायचा आणि ग्रेडलने बांधायचा, म्हणजे कोडचं ॲप करायचं. पहिल्या वेळी ग्रेडल भरपूर डेटा ओढतं, तेवढं काम तालुक्याला जाऊन केलं. पुढे 'ऑफलाइन' हा पर्याय देऊन घरीच बांधता येतं. इम्युलेटरच्या, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनच्या, जागी खराच फोन वापरला. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट लावलं की डेव्हलपर पर्याय उघडतात, मग त्यातलं यूएसबी डिबगिंग सुरू करायचं, म्हणजे वायरीने जोडलेल्या फोनवर लॅपटॉपवरून ॲप टाकून तपासता येतं. फोनचा पडदा लॅपटॉपवर दिसायला 'एससीआरसीपीवाय' नावाचं मुक्त साधन आहे, त्याला 'स्क्रीन कॉपी' म्हणतात. ते जुन्या यंत्रावरही हलकं चालतं.

मग प्रश्न आला, ठेवायचं कुठे? प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. नोव्हेंबर २०२३ नंतरच्या नव्या वैयक्तिक खात्यांना आधी सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. त्यासाठी सुरुवातीला २० जण लागत, आता १२. तेही जमलं असतं. पण मजुरीचा गुणाकार कसा होतो हे कोणालाही उघडून पाहता यावं, असं मला वाटत होतं. मालकालाही आणि बाईच्या शिकलेल्या पोरीलाही. २०१० पासून चालत आलेलं एफ-ड्रॉइड नेमकं याच पायावर उभं आहे. तिथे तुम्ही बांधलेलं ॲप डोळे झाकून घेत नाहीत. तुमचा मूळ कोड घेऊन त्यांच्या सर्व्हरवर पुन्हा बांधून पाहतात. पैसे लागत नाहीत.

आधी परवाना ठरवला. मी जीपीएलची तिसरी आवृत्ती घेतली, म्हणजे कोणी यात बदल करून वाटलं तर त्यालाही कोड उघडा ठेवावा लागेल.

नंतरचं काम सगळ्यात जास्त वेळ खाणारं, आणि मला सगळ्यात जास्त शिकवणारं. एफ-ड्रॉइडला ॲपमधली प्रत्येक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, मुक्त लागते. ग्रेडलला 'डिपेंडन्सीज' विचारलं की पूर्ण झाड समोर येतं: मी एक लायब्ररी मागितलेली, ती आणखी चार घेऊन आलेली. मी एकेक फांदी उघडून परवाना वाचला. क्यूआर वाचायला गुगलचं एमएल किट सोपं आहे, पण त्याचा कोड बंद. त्याऐवजी झेडएक्सिंग वापरलं, ते अपाची परवान्याचं. ॲप बंद पडल्याची माहिती मिळवायला बरेच जण गुगलची फायरबेस ही सेवा लावतात, तेही इथे चालत नाही. त्यासाठी अक्रा नावाचा मुक्त पर्याय आहे, पण इंटरनेटच नको म्हटल्यावर मला त्याची गरज पडली नाही. एक गोष्ट मात्र मला माहीतच नव्हती. अँड्रॉइडचं बांधणीचं साधन एपीकेमध्ये, म्हणजे ॲपच्या तयार फाइलमध्ये, लायब्ऱ्यांची एक यादी आपणहून घालतं, आणि ती गुगलच्या किल्लीने कुलूपबंद असते. आपल्याच ॲपमधला तो तुकडा आपल्याला वाचता येत नाही. बिल्ड फाइलमध्ये दोन ओळी लिहून तो बंद करता येतो. मी केला.

एफ-ड्रॉइडकडे अर्ज म्हणजे एक यॅमल फाइल, ठरलेल्या मांडणीतला मजकूर. गिटलॅब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर 'एफड्रॉइडडेटा' नावाचा त्यांचा प्रकल्प आहे. त्याची आपल्या खात्यात प्रत करायची, ॲपच्या ओळखनावाची फाइल त्यात घालायची आणि मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल तुमच्यात घ्या अशी विनंती, पाठवायची. फाइलमध्ये परवाना, कोडचा पत्ता, आवृत्तीचा क्रमांक आणि कोणत्या कमिटपासून (कोडच्या कोणत्या जतन केलेल्या टप्प्यापासून) बांधायचं ते. सगळा साधा मजकूर, काही केबीचा. गावात टॉवरची एकच काडी असली तरी जातो. ॲपचं वर्णन आणि पडद्याची चित्रं आपल्याच कोडमध्ये फास्टलेन नावाच्या साधनाने रूढ केलेल्या फोल्डर-रचनेत ठेवायची असतात. तिथे मी मराठी वर्णनही ठेवलं.

रिक्वेस्ट गेली की यंत्र आधी तपासतं, मग माणसं. ही माणसं स्वयंसेवक असतात, घाई करून चालत नाही. मला त्यांनी विचारलं, कॅमेऱ्याची परवानगी कशाला? कोडवरचा टॅग (आवृत्तीची खूण) आणि फाइलमधला आवृत्ती क्रमांक जुळतो का? त्या प्रश्नांत कुठेही हेटाळणी नव्हती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तरं दिली आणि ती पुरली. मंजुरी झाल्यावरही ॲप लगेच दिसत नाही. बांधणी आणि सही (ॲप कोणाकडून आलं याची डिजिटल खूण) व्हायला काही दिवस जातात. सही त्यांची हवी की आपली, हेही ठरवता येतं, पण आपली हवी असेल तर त्यांनी बांधलेलं आणि आपण बांधलेलं एपीके तंतोतंत जुळावं लागतं.

गावात ते पसरलं ते एफ-ड्रॉइडमधल्या जवळपासच्या फोनशी ॲपची देवाणघेवाण करायच्या सोयीने. एका फोनचा हॉटस्पॉट, बाकीच्यांनी त्यावरून घेतलं, कोणाचाही डेटा खर्च झाला नाही. शेजारच्या काकूंनी आधी विचारलं, "हे माहे पैसे कोणाले सांगते का वं?" मी त्यांना परवानग्यांची यादी दाखवली. त्यात इंटरनेट नाही, म्हणजे ॲपला स्वतः इंटरनेटवर काही पाठवता येत नाही. त्यांना पटलं.

पुढच्या आवृत्तीत उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, वजा करायची सोय येते आहे, कारण खरे वाद वजनापेक्षा उचलीवरून होतात. नव्या आवृत्तीसाठी पुन्हा अर्ज लागत नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टॅग लावला की एफ-ड्रॉइड तो स्वतः शोधून बांधणीला घेतं. आणि आमच्याकडे वेचणीला पोडांवरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरच्या, कोलाम बायाही येतात. कोलामी भाषा फोनच्या यादीत सापडत नाही, म्हणून भाषा निवडायचं बटण ॲपमध्येच ठेवते आहे. पोडावरच्या मुली त्यासाठीचे शब्द लिहून देत आहेत, देवनागरीत.