कावळा शिवेना

मी एका डेली सोपमध्ये खाष्ट जाऊ आहे, म्हणजे सासूच्या गोळ्या बदलून ठेवणारी वगैरे. मूळची नाशिकची, घर पंचवटीत, त्यामुळे आउटडोअर शूटिंग रामकुंडावर आहे म्हटल्यावर सगळ्यात जास्त मीच नाचले, रात्री आईच्या हातचं जेवण मिळणार ना. सीन सासूच्या अस्थी विसर्जनाचा. त्यात मी खोटं रडतेय असं दाखवायचं, म्हणजे ग्लिसरीन घालून खोटं रडण्याचं सोंग करायचं, फार विचार केला तर डोकं फिरतं.

बुधवार होता. म्हणजे गंगेवरचा बाजार (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो), त्यामुळे साउंडवाला सकाळपासून वैतागलेला. मेथी विकणाऱ्या मावशींनी मला ओळखलं, 'तूच ना ती सासूला छळणारी', आणि जुडीचे दहा रुपये जास्तच लावले. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणे मग घासाघीस का नाही केलीस, टीव्हीवर आलीस म्हणून काय झालं.

साधारण दहाला आमच्या शेजारीच एका घरचा दहावा सुरू होता. आम्ही पांढऱ्या कपड्यात, तेही पांढऱ्या कपड्यात, आमच्या स्पॉटदादाने चुकून त्यांच्यातल्याच एका काकांना चहा नेऊन दिला. पिंड ठेवून अर्धा तास झाला पण कावळा काही शिवेना, यायचा, घिरट्या घालायचा आणि परत झाडावर. थोड्या वेळाने एक आजोबा माझ्याकडे आले. युनिटमधे शंभर माणसं, पण ओळखीचा चेहरा माझाच.

"ओ ताई, तुमचं ते चमकणारं बाजूला घ्या ना. कावळा बिचकतोय."

रिफ्लेक्टर! मी डीओपीला, म्हणजे कॅमेरामनला, जाऊन सांगितलं, तो म्हणाला पाच मिनिटं, ऊन चाललंय. बाहेर लोक आपल्याला स्टार समजतात पण सेटवर माझ्या म्हणण्याने साधी खुर्ची हलत नाही हे त्या आजोबांना कसं सांगणार? मग मी सरळ डोळा चोळत ओरडले, ग्लिसरीन आत गेलं, दिसत नाहीये. लगेच ब्रेक. लाइटवाल्या दादाने रिफ्लेक्टर जमिनीवर पालथा टाकला.

तरी कावळा नाही.

घरचे एकेक करून हात जोडत होते, नातवाचं शिक्षण करू, शेत विकणार नाही, असं काय काय. तेवढ्यात त्यांच्यातली एक सून दबक्या आवाजात म्हणाली, आत्यांचा जीव सिरियलमधेच अडकला असेल, शेवटपर्यंत विचारत होत्या ती मेली पकडली जाते का. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजोबा म्हणाले, "सांगा ना ताई, रोज तुम्हाला शिव्या घालायची ती."

आता गंमत अशी की मला स्वतःलाच ट्रॅक, म्हणजे पुढची गोष्ट, माहीत नसतो, सीनचे कागद कधी कधी मेकअप चालू असताना हातात पडतात. आणि माहीत असला तरी बाहेर बोलायचं नाही असं कॉन्ट्रॅक्टमधे आहे. पण मी चप्पल काढली, पिंडासमोर हात जोडले आणि म्हटलं, "आजी, मी पकडली जाते. सगळ्यांसमोर. सासरे घराबाहेर काढतात."

दोनेक मिनिटांत कावळा शिवला. रिफ्लेक्टर पालथा होता म्हणून असेल, मला माहीत नाही, पण अंगावर काटा आला. त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यात ग्लिसरीनशिवाय पाणी होतं आणि कॅमेरा बंद. नंतर त्यांच्यातल्या एका मुलीने घाबरत घाबरत सेल्फी मागितला. तिची आई ओरडली, मी म्हटलं असू दे. त्या फोटोत खऱ्या सुतकातलं कोण आणि खोट्या सुतकातलं कोण ते ओळखू येत नाही.

रात्री घरी मेथीची भाजी खाताना आईला सगळं सांगितलं, ती नुसती म्हणाली, कबूल केलंयस आता.

आणि इथेच घोळ झालाय. तो एपिसोड लागल्यानंतर एका गुरुवारी टीआरपी आला, अस्थींचा ट्रॅक चढला, त्यामुळे चॅनलचं म्हणणं की हिला इतक्यात पकडायचं नाही. मी लेखकाला दर आठवड्याला मेसेज टाकते, मला पकडा ना. तो म्हणतो वेडी आहेस का, पकडली गेलीस की तुझे दिवस कमी होतील. पैसे दिवसावर मिळतात आणि तेही 90 दिवसांनी, घरभाडं मात्र एक तारखेला, त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटतं.

कालच परत मेसेज टाकलाय. ब्लू टिक आली, उत्तर नाही.